लाल टॅगवर नाव नव्हतं

मागच्या अंकाच्या शेवटी एक ओळ लिहिली होती : तुमच्या कामाबद्दल कुणी तुम्हाला शेवटचं काय सांगितलं, ते कळवा. पत्रं आली ती अशी, की निम्म्या लोकांना कुणाचं तरी बोलणं अजून टोचतंय आणि उरलेल्यांना कुणाला तरी काही सांगायचंय, पण तोंड उघडत नाही. दोन्ही गटांत मी राहून आले आहे.

नव्या वाचकांसाठी ओळख : यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी २८ वर्षं तपासणी विभागात होते, त्यातली शेवटची ११ विभागप्रमुख. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधून त्याला दाखवायची, याचाच मला पगार मिळायचा. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे वाचलं ते चुका करून झाल्यावर वाचलं.

प्रश्न : ताई, मी सहा जणांच्या टीमची लीड आहे. एका सहकाऱ्याच्या रिपोर्टमध्ये दर वेळी चुका असतात. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं, आधी कौतुक, मग सुधारणा, मग परत कौतुक, असं त्याला सांगितलं. तो खूश होऊन गेला. पुढचा रिपोर्ट होता तसाच. माझं कुठे चुकलं?

ताकाला गेलात आणि भांडं लपवलंत. मी हे स्वतः केलेलं आहे, त्यामुळे हसत नाही.

आमच्याकडे एक नवा मुलगा आला होता. शिफ्टच्या सुरुवातीला बोअर गेज (बोअरचा, म्हणजे नगातल्या भोकाचा, व्यास मोजायचं साधन) सेटिंग रिंगमध्ये, म्हणजे ठरल्या मापाच्या कड्यात, घालून शून्यावर लावायचा असतो. तो ते विसरायचा. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "तुझ्या नोंदी किती स्वच्छ असतात! गेजकडे जरा लक्ष देत जा. बाकी तुझ्यासारखी मुलं विभागात हवीत." दुसऱ्या दिवशी त्यानं नोंदवहीतले सगळे मथळे लाल शाईनं अधोरेखित करून आणले. गेजचं मात्र जैसे थे. आठवड्याभरात गिऱ्हाइकाकडून एक खोकं परत आलं.

मग मी कौतुक टेबलावरच ठेवून गेले. "मंगळवारी पहिल्या शिफ्टला तू गेज शून्यावर न लावता २२ नग मोजलेस. गेज १२ मायक्रॉननं सरकलेला होता. बोअर मोठं असलेले ७ नग त्यामुळे पास झाले, ते आज परत आलेत." (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) त्याचा चेहरा उतरला. थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "कोणते सात?"

तेव्हापासून मी या प्रश्नाची वाट बघते. समोरचा "म्हणजे मी कामाचा नाही का?" म्हणाला, तर आपलं बोलणं त्याच्या अंगावर गेलं. "कोणते सात?" म्हणाला, तर ते कामावर जाऊन पडलं.

बऱ्याच वर्षांनी कळलं, की हे मोजूनही झालेलं आहे. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डिनिसी या दोघांनी १९९६ साली फीडबॅकवरचे जुने प्रयोग एकत्र करून परिणामांची ६०७ मोजमापं तपासली. सरासरी काढली तर फीडबॅकनं काम सुधारतं. पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ते आणखी बिघडलं होतं. त्यांनी लावलेला अर्थ असा, की लक्ष कामावरून उठून 'माझी किंमत काय' इकडे वळलं, की माणूस स्वतःला सावरत बसतो आणि काम तिथेच राहतं. स्तुतीनंही हेच होऊ शकतं, हे विशेष. माझा लाल शाईवाला मुलगा आठवा.

तेव्हा तुमच्या सहकाऱ्याला "रिपोर्ट जरा काळजीपूर्वक कर" म्हणू नका. 'जरा' मोजता येत नाही आणि 'काळजीपूर्वक'ही नाही. "सोमवारच्या रिपोर्टमध्ये तिसऱ्या तक्त्याची बेरीज खालच्या आकड्यांशी जुळत नव्हती, ग्राहकाच्या ते आधी लक्षात आलं आणि दुपारभर मी दुरुस्तीत होते," एवढं म्हणा आणि थांबा. सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेनं याचा साचाच केलाय : प्रसंग, वर्तन, परिणाम. साचे मला फारसे आवडत नाहीत, पण हा चालतो, कारण त्यात माणसाच्या स्वभावाला खुर्चीच ठेवलेली नाही.

थांबल्यावर एक विचारायचं : "हे कसं होतं?" खरंच विचारायचं, उलटतपासणीच्या सुरात नाही. आमच्या एका ऑपरेटरचे नग सारखे मापाला कमी भरत. मी त्याला हलगर्जी ठरवून मोकळी झाले होते. शेवटी त्याच्या मशीनशेजारी उभी राहिले तेव्हा दिसलं, की तो नग मशीनवरून उतरल्या उतरल्या मोजतोय. जगभर मापं २० अंश सेल्सिअसला धरली जातात. १०० मिलिमीटरचा पोलादी नग त्याहून २० अंशांनी गरम असेल, तर साधारण २३ मायक्रॉन मोठा भरतो. तो गरम असताना बरोबर मापात आणायचा आणि गार झाल्यावर नग आखडायचा. गार होईपर्यंत थांबायला त्याला वेळच नव्हता, कारण शिफ्टचं टार्गेट. ते ठरवणाऱ्या बैठकीत मी बसलेली होते. दुसऱ्याची चूक स्वभावाच्या खात्यात आणि परिस्थितीचा हिशेब कोराच, या खोडीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली नावही दिलंय. तुमच्या सहकाऱ्याला आकडे किती वाजता मिळतात, ते एकदा बघा.

आणि कौतुकाचं काय? करा की. ज्या दिवशी केलंत त्या दिवशी तेवढंच करा, मधे काही दडवू नका. त्याच्याकडून तुम्हाला आशा असेल तर तीही उघड बोला. डेव्हिड यीगर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शाळकरी मुलांच्या निबंधांवर शिक्षकांच्या शेऱ्यांसोबत एक चिठ्ठी लावली होती : माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पुऱ्या करशील हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे. निबंध सुधारून परत देणाऱ्यांचं प्रमाण त्यानं वाढलं. ज्या कृष्णवर्णीय मुलांचा शाळेवर विश्वास कमी होता त्यांच्यात सर्वांत जास्त. शेरे कमी केले नव्हते, गोडही केले नव्हते.

प्रश्न : टीममधला एक जण मीटिंगला नेहमी उशिरा येतो. त्याला एकट्याला बोलणं बरं दिसत नाही म्हणून मी ग्रुपवर "काही जण वेळ पाळत नाहीत" असा मेसेज टाकते. बरोबर आहे ना?

लेकी बोले सुने लागे. फक्त इथे सुनेला लागतच नाही. जे वेळेवर येतात ते दचकतात आणि पुढच्या वेळी पाच मिनिटं आधी येऊन बसतात. ज्याच्यासाठी लिहिलं त्यानं तुमच्या मेसेजला अंगठा दाखवला असेल. एकट्याला सांगा, आणि लिहून नको.

प्रश्न : माझं वय २४. डिझायनर म्हणून ही पहिली नोकरी. सरांनी परवा सांगितलं, "तुझ्या कामात अजून परिपक्वता यायला हवी." मी "हो सर" म्हणून बाहेर आले. आता प्रत्येक फाइल उघडली की तेच आठवतं. परिपक्वता म्हणजे नेमकं काय करू?

तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून अरेतुरे करते.

पहिलं म्हणजे, तुला अजून अभिप्राय मिळालेलाच नाही. एक विशेषण मिळालंय. 'हा शाफ्ट अजून चांगला हवा' असं कुणी ड्रॉइंगवर लिहिलं असतं, तर आमच्या मशीनवाल्यांनी तो कागद परत पाठवला असता. तुलाही पाठवायचाय, पण नम्रपणे.

दोन दिवसांनी जा आणि म्हण, "सर, तुम्ही परिपक्वतेबद्दल बोललात ते डोक्यात आहे. गेल्या महिन्यातलं एखादं काम समोर घेऊन ती कुठे कमी पडली ते दाखवाल का? पुढच्या कामात तिथे वेगळं करून बघते." "असं का म्हणालात?" हे विचारू नकोस. 'का' म्हटलं की साहेबमंडळी वकील होतात. 'कुठे' म्हटलं की बोट ठेवावं लागतं. फाइल बरोबर ने. बोट ठेवायला जागा पाहिजे ना.

मग तीनपैकी एक होईल. एक, ते खरंच बोट ठेवतील : इथे तीन फाँट कशाला, ग्राहकानं न विचारलेले चार पर्याय का दिलेस. छान, काम मिळालं. दोन, ते गोंधळतील आणि "एकंदरीत म्हणतोय मी" म्हणतील. याचा अर्थ त्यांच्याकडेही माप नाही, नुसती चुटपुट आहे. मग तू विचार, "ज्यांच्या कामात ती दिसते असं एखादं काम दाखवता?" दोन कामं शेजारी ठेवली की ज्याला शब्द सापडत नाहीत त्यालाही फरक दिसतो. तीन, मुद्दा डिझाइनचा नसेलच. मीटिंगमध्ये तू त्यांना सर्वांसमोर टोकलं असशील, किंवा ग्राहकासमोर गप्प बसली असशील, आणि त्यालाच त्यांनी परिपक्वता हे भरजरी नाव दिलं असेल. हे तिसरं बाहेर यायला जरा वेळ लागतो. गप्प बसून वाट बघायची. शांतता झाली की माणसं ती भरतात, हे तपासणीच्या टेबलापलीकडून मी शेकडो वेळा पाहिलंय.

हे मोघम बोलणं तुझ्याच वाट्याला येतं असं नाही, पण बायकांच्या वाट्याला जास्त येतं. स्टॅनफर्डमधल्या शेली कॉरेल आणि कॅरोलाइन सिमार्ड यांनी कंपन्यांमधले वार्षिक मूल्यांकनाचे कागद वाचून २०१६ साली हेच लिहिलं : पुरुषांना नेमकं काय केलं आणि पुढे काय करायचं ते सांगितलं जातं, बायकांना त्या मानानं मोघम शेरे मिळतात. चिडायला हरकत नाही. चिडून झाल्यावर फाइल घेऊन जा.

आणि हो, बोट ठेवल्यावरही त्यांचं म्हणणं तुला पटलं नाही, तर ते मान्य करायलाच हवं असं नाही. ऐकून घेणं आणि मान्य करणं या दोन वेगळ्या सह्या आहेत. पहिली लगेच कर, दुसरीला एक रात्र लाव.

प्रश्न : कुणी चूक दाखवली की माझे डोळे भरून येतात. पुरुष असून. समोरचा बोलायचाच थांबतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

गरम नग मोजू नये, हे वर आलंच आहे. "मला हे पूर्ण ऐकायचंय, दहा मिनिटं द्या" म्हणा, तोंडावर पाणी मारा, परत जा. परत जाणं महत्त्वाचं. दोनदा परत गेलात की समोरच्याला कळतं, की याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि तरी हा ऐकतो. 'पुरुष असून' हे पत्रात लिहायची गरज नव्हती.

सांगणाऱ्यांनाही एक सांगते : पाणी बघून विषय गुंडाळू नका. अर्धवट ऐकलेलं घरी जाऊन दुप्पट होतं.

प्रश्न : आमचे साहेब हुशार आहेत, पण ग्राहकाला तारीख देताना टीमला विचारत नाहीत. दोनदा आम्ही तोंडघशी पडलो. मागे मी आडून सुचवलं होतं, "सर, तारीख जरा जवळची वाटते का?" ते हसून "होईल रे" म्हणाले. वरच्या माणसाला सांगायचं तरी कसं?

आडून सुचवण्याची किंमत विमानवाल्यांइतकी महाग फार थोड्यांनी मोजली असेल.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो जेट विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी वेग घेत असलेल्या विमानात फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं होतं, की समोरचं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टननं ठामपणे सांगितलं, झालंय. कॅप्टन कंपनीतला अतिशय ज्येष्ठ वैमानिक, इतरांना शिकवणारा. इंजिनिअर पुढे बोलला नाही. पुढच्या वर्षी २८ डिसेंबरला अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक विमान इंधन संपून कोसळलं, दहा जण गेले. चाकांचा बिघाड निस्तरण्यात कॅप्टन गढलेला होता. इंधनाचा विषय सहकाऱ्यांनी काढला होता, पण 'आता उतरलंच पाहिजे' असं कुणी ठणकावलं नाही.

१९७९ साली नासानं यावर कार्यशाळा घेतली. वैमानिकांच्या संपूर्ण चमूला एकमेकांशी बोलायचं प्रशिक्षण देण्याची पद्धत तिथून रुजली. त्यात कनिष्ठानं वरिष्ठाला टोकायचं कसं, याच्या पाच पायऱ्या शिकवतात. नावानं हाक मारून लक्ष वेधा. मला काळजी वाटतेय, हे म्हणा. अडचण काय दिसतेय ते सांगा. उपाय सुचवा. मग समोरच्याचा होकार मिळवा.

तुमच्या वाक्यात बघा काय झालं. 'जरा', 'वाटते' आणि शेवटी प्रश्नचिन्ह. तुम्ही त्यांना प्रश्न विचारलात, त्यांनी उत्तर दिलं, व्यवहार पुरा. आता असं बोला : "सर, पुढच्या ग्राहकाच्या तारखेची मला काळजी वाटतेय. मागच्या दोन्ही कामांत आपण तीन आठवडे सांगितले होते आणि पाच लागले, कारण टेस्टिंगचे दिवस धरलेच नव्हते. तारीख द्यायच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला टेस्टिंगसकट दिवस काढून देतो. चालेल?" इथे "होईल रे" म्हणणं अवघड आहे. म्हणालेच, तर पुन्हा एकदा तेच सांगा, वेगळ्या शब्दांत. दोनदा सांगणं हा उद्धटपणा नाही.

एकांतात सांगा. आणि ग्राहक समोर यायच्या आधी सांगा. नंतर सांगितलेलं टोमण्यासारखं लागतं.

सगळे साहेब ऐकणारे नसतात, हे लपवत नाही. एका वरिष्ठांना मी असंच आकड्यांसकट सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि पुढची दोन वर्षं मला कुठल्याही बैठकीला बोलावलं नाही. मुद्दा माझा बरोबर होता. त्याचा उपयोग शून्य. तुमचे साहेब हसून "होईल रे" म्हणतात, म्हणजे निदान हसतात तरी. प्रयत्न करण्यासारखा माणूस दिसतो.

प्रश्न : वर्षभर "छान चाललंय" ऐकलं आणि वार्षिक फॉर्मवर पाचपैकी तीन. मॅनेजर म्हणतात, निगेटिव्ह फीडबॅक मनावर घेऊ नका.

आधी त्या शब्दाची बाजू घेते. १९२७ साली बेल लॅब्ज या टेलिफोनवाल्यांच्या संशोधनशाळेतला हॅरल्ड ब्लॅक हा अभियंता बोटीतून कामाला जात होता. हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर त्यानं निगेटिव्ह फीडबॅकच्या अॅम्प्लिफायरचं (सिग्नल मोठा करणाऱ्या यंत्राचं) टिपण काढलं. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून आत द्यायचा, म्हणजे यंत्राची चूक यंत्रच कमी करत राहतं. त्या विद्येत निगेटिव्ह फीडबॅक म्हणजे ताळ्यावर ठेवणारा. माइक लाउडस्पीकरसमोर धरल्यावर जी किंचाळी उठते तो पॉझिटिव्ह. आपण ऑफिसात दोन्ही शब्द उलटे करून घेतले.

पण तो सिग्नल लगेच परत यावा लागतो. गरम पाण्याच्या नळाचं बघा. नळ फिरवल्यावर पाणी बदलायला वेळ लागत असेल तर आपण आणखी फिरवतो, मग भाजतं, मग उलटं फिरवतो, मग गारठतो. तुमचा नळ एका वर्षानं उत्तर देतो. यात तुमचा दोष कमी आणि मॅनेजरांचा जास्त. फॉर्मवर पहिल्यांदाच वाचायला मिळाली अशी एकही गोष्ट फॉर्मवर असू नये, असं माझं ठाम मत आहे. माझ्या विभागात मी ते पाळलं. नेहमी जमलं नाही.

आणि त्या 'तीन'चं म्हणाल तर : आमच्याकडे नवा गेज घेतला की तेच काही नग दोन-तीन तपासनिसांकडून पुन्हा पुन्हा मोजून घ्यायचे. आकड्यांतला फरक नगामुळे किती आणि मोजणाऱ्यामुळे किती, ते वेगळं काढायचे. मोजण्याचा वाटा ३० टक्क्यांच्या वर गेला तर ती पद्धत नापास. स्टीव्हन स्कलन आणि सहकाऱ्यांनी २००० साली चार हजारांहून जास्त व्यवस्थापकांना मिळालेल्या गुणांचा असाच काहीसा हिशेब मांडला. गुणांमधला निम्म्याहून जास्त फरक गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या खाक्यातून येत होता. आमच्या विभागात असा गेज कपाटाबाहेर निघाला नसता.

तीनवर भांडू नका. "दर महिन्याला वीस मिनिटं द्या, एकच गोष्ट सांगा" हे मागून घ्या आणि तारखा आजच पक्क्या करा.

प्रश्न : मी मॅनेजर आहे. माझं दार कायम उघडं असतं. तरी कुणी येऊन काही सांगत नाही. माझ्या टीमला खरंच काही अडचण नसेल का?

असेल.

एमी एडमंडसन या संशोधिकेनं रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला होता, १९९६ साली तो प्रसिद्ध झाला. जिथे टीम चांगली, तिथे चुका कमी, अशी तिची अपेक्षा. आकडे उलटे निघाले. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की तिथे लोक चुका जास्त करत नव्हते, बोलत जास्त होते.

हे वाचलं तेव्हा मला आमचा लाल टॅग आठवला. नापास नगाला तो बांधायचा. त्यावर रकाने : तारीख, भाग क्रमांक, ड्रॉइंगवरचं माप, भरलेलं माप, मशीन, शिफ्ट, ऑपरेटरचं नाव. मी विभागप्रमुख झाले तेव्हा कागदोपत्री नापास नग फार थोडे होते आणि मला अभिमान वाटायचा. मग एका सुट्टीच्या दिवशी सफाईसाठी मशीन हलवलं, तर त्याच्या मागे, धातूच्या किसाच्या ढिगाखाली, नगच नग. काहींना गंज चढलेला. कुणी टाकले ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढच्या वेळी आणखी लांब टाकले असते. नवे टॅग छापताना नावाचा रकाना काढून टाकला. मशीन आणि शिफ्ट वाचून माणूस कोण ते कुणालाही कळलं असतंच, तसा तो बदल नावापुरताच. तरी दोन महिन्यांत लाल टॅगांची पेटी भरायला लागली. वरून मला विचारणा झाली, की तुम्ही आल्यापासून रिजेक्शन एवढं वाढलं कसं. त्याचं उत्तर देताना माझी त्रेधा उडाली, ती वेगळी गोष्ट.

तुमच्या दाराचं काय करायचं? उघडं दार म्हणजे उठून यायचं काम तुम्ही त्यांच्यावर टाकलंत. तुम्ही उठा. "काही फीडबॅक?" असं विचारू नका, त्याला "नाही, सगळं छान" हेच उत्तर असतं. "गुरुवारच्या मीटिंगमध्ये मी केलेली कुठली एक गोष्ट तुमचं काम लांबवून गेली?" असं विचारा. उत्तर आलं की समजावून सांगू नका. मला हे शेवटपर्यंत नीट जमलं नाही. माझ्या तोंडून "हो, पण" निघायचंच. म्हणून मी वहीवर समोरच्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत उतरवायला लागले. लिहिताना बोलता येत नाही, एवढाच त्यातला हिकमतीचा भाग. मग त्यातलं काहीतरी लहानसं बदला, आठ दिवसांच्या आत, आणि ज्यानं सांगितलं त्याला दिसेल असं. पहिलं पत्र पोचलं हे कळल्याशिवाय दुसरं कुणी टाकत नाही.

पत्र : प्रश्न नाही, तुमच्याच सदराबद्दल आहे. तुम्ही प्रत्येक उत्तरात कारखाना आणता. मी ग्रंथालयात काम करते, मला मायक्रॉन कळत नाही. मागच्या अंकातल्या एका उत्तरात तो शब्द पाच वेळा आला. तिथे मी वाचणं सोडलं.

पत्र वाचून आधी राग आला. ग्रंथालयवालीला कारखान्याचं वावडं का असावं, अशा अर्थाचं चांगलं अर्धं पान लिहिलंही. एक रात्र गेल्यावर ते फाडलं आणि अंक काढून मोजलं.

पाच नाही, सहा वेळा. तुम्ही शेवटच्या ओळीच्या आधीच थांबलात. या वेळी तो शब्द मुळीच येऊ द्यायचा नाही असं ठरवून बसले होते. वरच्या पहिल्याच उत्तरात काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. पुढच्या अंकात परत मोजा आणि आकडा कळवा.